कटाळा कार्डावर येत नाही

सरकारी दवाखान्यातून मधुमेहाच्या रुग्णाला मिळालेलं कार्ड एकदा नीट वाचून पाहावं. वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, गोळीचं नाव, किती दिवसांची दिली, पुढं कधी यायचं. पाच-सात वर्षांचं जुनं कार्ड घडीवर फाटलेलं असतं, त्याला चिकटपट्टी लावलेली असते. त्यावरचे आकडे ओळीनं वाचत गेलं की काहीसं असं दिसतं : १६०, २१०, १४०, मग तीन महिने काहीच नाही, मग एकदम ३१०. त्या कोऱ्या तीन महिन्यांत काय झालं ते कार्ड सांगत नाही. माणसाला विचारलं तर तो वऱ्हाडीत सांगतो, "कटाळा आला होता बाप्पा."

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्यात शुगरच्या रांगेत उभं राहिलं तर हा शब्द कानावर येतो. "किती वर्सं गोया खायाच्या?" "मोजून काय करू? आकडा तं वाढलेलाच असते." ऐकणारा बहुधा याचा अर्थ आळस किंवा बेफिकिरी असा लावतो. जगभरातल्या तीस वर्षांच्या अभ्यासाचं म्हणणं वेगळं आहे. हा कटाळा मधुमेहाच्या दुखण्याचाच एक भाग आहे, तो मोजता येतो आणि त्यावर उतारा आहे. त्या अभ्यासातून काय हाती लागलं, वाशिमसारख्या जिल्ह्यात या शिणाला कोणते खास पदर आहेत आणि इथं आधीपासून काय उपलब्ध आहे, याचा हा आढावा.

शिणाला मोजपट्टी मिळाली

मधुमेही माणूस उदास दिसला की त्याला नैराश्य आलं आहे असं डॉक्टर पूर्वी सरसकट मानत. १९९५ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक यादी तयार केली. तिच्यात 'तुम्ही दुःखी आहात का' असा मोघम प्रश्न नव्हता. पुढं काय होईल याची भीती वाटते का, जेवताना अपराधी वाटतं का, घरचे समजून घेतात का, रोजच्या सांभाळण्यानं थकून गेलात का, असे थेट मधुमेहाशी बांधलेले प्रश्न होते. पुढं १९९९ मध्ये पोलोन्स्की यांनी या दमणुकीवर सामान्य वाचकांसाठी पुस्तकच लिहिलं आणि २००५ मध्ये सतरा प्रश्नांची नवी मोजपट्टी आली. तिनं शिणाचे चार कप्पे पाडले : मनावरचं ओझं, डॉक्टरांशी न जुळणं, पथ्य-औषधांचा जाच आणि आपल्या माणसांकडून येणारा ताण.

नैराश्य आणि हा शीण यांत फरक आहे, आणि उपचार त्या फरकावरच ठरतो. नैराश्यात शेत, नातवंडं, भजन, कशातच गोडी राहत नाही. मधुमेहाच्या शिणात माणूस बाजारात हसतो, लग्नात नाचतो, तुरीच्या भावावर तावातावानं बोलतो. फक्त गोळ्यांचं पाकीट दिसलं की त्याचं तोंड उतरतं. अशा माणसाला नैराश्याची गोळी देऊन फारसं साधत नाही. उलट खरं नैराश्य असलेल्याला 'थोडं मन घट्ट करा' म्हणणं धोक्याचं असतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून दोन्हींची विचारपूस वेगवेगळी करावी लागते.

अमेरिकेतल्याच लॉरेन्स फिशर यांनी नंतर दाखवून दिलं की सतरा प्रश्नांची सुरुवात दोनच प्रश्नांनी करता येते. मधुमेह सांभाळण्याच्या मागण्यांनी दडपल्यासारखं होतं का? आणि पथ्य-औषधांत आपण सारखे नापास होतो आहोत असं वाटतं का? दोन्हींची उत्तरं एक ते सहा अशा पायऱ्यांवर घ्यायची. सरासरी तीन किंवा त्याहून जास्त आली की पुढचं बोलणं गरजेचं.

किती जणांचं हे दुखणं

सतरा देशांत झालेल्या आणि भारताचा समावेश असलेल्या 'डॉन-२' या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी जवळपास ४५ टक्के लोकांमध्ये हा शीण दिसला. नैराश्याची शक्यता मात्र १४ टक्क्यांच्या आसपासच होती. टाइप २ मधुमेहावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्र विचार करणारा लेख २०१७ मध्ये आला, त्यात हे प्रमाण ३६ टक्के निघालं आणि स्त्रियांमध्ये ते जास्त आढळलं. म्हणजे दवाखान्यातल्या रांगेत दर तिसरा माणूस.

आता रांगेची लांबी पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली, म्हणजे प्रौढांच्या ११.४ टक्के. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्राचा आकडा ८.४ टक्के होता. शहरात १०.९ आणि गावात ६.५. वाशिम जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११ लाख ९७ हजार आणि त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक खेड्यात राहणारे. गावाचा तो जुना, कमी दर धरला तरी दोनशे प्रौढांच्या वस्तीत तेरा जण मधुमेही होतात. त्यातले चार-पाच जण आज थकलेले असतील.

शेताचं वेळापत्रक, गोळीचं वेळापत्रक

मधुमेहाचं बहुतेक शिक्षण कचेरीत बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं. ठरलेल्या वेळी न्याहारी, ठरलेल्या वेळी जेवण, संध्याकाळी फेरफटका. सोयाबीनच्या सोंगणीत ही घडी टिकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा नेम नसतो, मजूर मिळाले तो दिवस धरावा लागतो, शिदोरी दुपारी तीनला सुटते. सकाळी ग्लिमेपिराइड घेतलेली असते. ही गोळी स्वस्त आणि कामाची आहे, पण जेवण चुकलं तर साखर खाली ओढते. घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. शेतात असं एकदा झालं की माणूस सोंगणीभर गोळीच बंद करतो. कार्डावर याची नोंद 'औषधं नियमित घेत नाही' अशी होते. त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं धोका टाळलेला असतो. चूक एवढीच की, हंगामात गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सोंगणी झाली की धसकटं उभी असतात. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहानं कमी झाली आहे त्याला ती रुतलेली कळत नाहीत. 'पाय रोज बघा' हा सल्ला योग्यच, पण चिखलातून घरी आलेल्या माणसासाठी तो दिवसाच्या कामांत आणखी एक काम असतो. गोळी, पाय, डोळे, दात, चालणं, वजन, पट्टी, कार्ड : एकेक गोष्ट लहान असते. सगळ्या मिळून रोज, आणि न संपणाऱ्या. ताप आला तर चार दिवसांत उतरतो, हाड मोडलं तर दीड महिन्यात जुळतं. इथं मात्र सगळं नीट केल्याचं बक्षीस म्हणजे काही न होणं. दिसत नाही अशा बक्षिसासाठी वीस वर्षं राबायचं, हेच या दमणुकीचं मूळ.

इन्शुलिन घेणाऱ्यांना उन्हाळ्याची वेगळी चिंता. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. वीज गेली की घरात पहिलं लक्ष फ्रिजकडं. फ्रिज नसेल तर एका मातीच्या भांड्यात दुसरं ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरायची. या जुन्या युक्तीनं भांड्याच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं, असं मोजून पाहिलेलं आहे.

पैशांचा भाग थोडक्यात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तरी गोळ्यांचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. घरी साखर मोजायची पट्टी विकतच घ्यावी लागते, आणि मोठी गुंतागुंत निघाली की अकोला गाठावं लागतं. हा खर्च दरवेळी कुणाच्या तरी वाट्यातून जातो, आणि आजारी माणसाला ते कळतं.

गोड कुणी खाल्लं?

शुगर निघाली की घरात आणि शेजारी पहिला प्रश्न येतो, "लय गोड खात होता काय?" आजाराबरोबर गुन्हाही हाती दिला जातो. श्रीमंतांचा, खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा रोग ही समजूत अजून गेलेली नाही, त्यामुळं काटक शेतमजुराला तो झाला की लोक हसतात आणि त्याला स्वतःलाही पटत नाही.

या समजुतीला सर्वांत चांगलं उत्तर महाराष्ट्रातूनच दिलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. वजनानं लहान जन्मलेल्या भारतीय बाळांतही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, असं त्यातून पुढं आलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज (बीएमआय) सारखीच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरात मधुमेहाची तयारी आईच्या पोटातल्या कुपोषणापासून झालेली असू शकते. ज्या पिढीच्या आयांनी दुष्काळ आणि अर्धपोटी बाळंतपणं काढली, त्या पिढीच्या मुलाला 'तू गोड खाल्लंस' म्हणणं अडाणीपणाचं आहे आणि क्रूरही. खरं तर आयुर्वेदानंही प्रमेहाचे (मधुमेहासारख्या विकाराचे) रोगी स्थूल आणि कृश असे दोन सांगितले होते, आणि चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिलं स्थान दिलेलं आहे. जुन्याचा अभिमान बाळगणारे हे दोन मुद्दे सहसा विसरतात.

'तुझीच चूक' या दोषारोपाची लहान मात्रा दवाखान्यातही मिळते. 'कंट्रोलमध्ये नाही', 'पथ्य मोडलं', 'ऐकतच नाही तुम्ही'. चढलेला आकडा माणसाच्या वागण्याचा निकाल म्हणून वाचला जातो. खरं तर साखर ताप आल्यावर, झोप न झाल्यावर, काळजीनं, काही औषधांनी, आणि आजार जुना होत गेल्यावर आपोआपही वाढते. परीक्षेत नापास होणार हे ठाऊक असलेला मुलगा शाळेत जात नाही, तसाच चढलेल्या आकड्याला भिणारा रुग्ण तपासणीला जात नाही. ते तीन कोरे महिने बऱ्याचदा इथून येतात.

दीक्षित की दिवेकर?

सल्ल्यांचा भडिमार हे शिणाचं आणखी एक कारण, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर. २०१८-१९ च्या सुमारास घराघरांत एकच वाद होता : दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं मूळ ते नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्याकडं दाखवतात, त्यामुळं विदर्भात त्याला आपलेपणाही मिळाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं, तूप लावून खा. दोघांच्या सांगण्यानं अनेकांचं भलं झालं असेल. पण दोन्ही एकदम ऐकणाऱ्या मधुमेही माणसाची अवस्था पाहा. दोनदा जेवावं तर ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनवर साखर उतरण्याची भीती, म्हणून तो बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. सारखं खावं तर वजन. त्यात मोबाइलवर कारल्याचा रस, मेथीदाणा, जांभळाच्या बिया आणि 'पंधरा दिवसांत शुगर मुळापासून' असली हमी. जो तो सांगतो की माझ्या मेहुण्याची शुगर गेली. ज्याची जात नाही तो स्वतःला दोष देतो.

वऱ्हाडातलं खाणं तर माणसं जोडणारं. शेतातले रोडगे-वरण, पोळ्याची पुरणपोळी, महालक्ष्म्यांचं जेवण, अक्षय तृतीयेचा आंब्याचा रस, पोहरादेवीच्या यात्रेचा प्रसाद. पाहुण्यानं गोड चहा नाकारला तर यजमान दुखावतो. मधुमेही माणसाला दर सणाला, दर ओसरीवर स्वतःचा आजार जाहीर करावा लागतो, आणि मग "एकानं काय होते" असा आग्रह होतो. खाल्लं तर अपराध, नाकारलं तर अपमान. हा ताण कुठल्याही प्रयोगशाळेत मोजला जात नाही, पण सतरा प्रश्नांच्या यादीतला चौथा कप्पा नेमका हाच आहे.

बाईचा मधुमेह, लेकराचा मधुमेह

घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला तर त्याचं पथ्य बाई सांभाळते. बाईला झाला तर तिचं पथ्यही तिलाच सांभाळावं लागतं, सगळ्यांसाठी रांधून झाल्यावर. स्वतःसाठी वेगळी भाजी करणं तिला चैन वाटते. पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही, म्हणून तीच खाते. फिरायला जा म्हटलं तर लोक काय म्हणतील. स्त्रियांमध्ये शिणाचं प्रमाण जास्त का, याचं बरंचसं उत्तर स्वयंपाकघरात आहे.

टाइप १ मधुमेहाच्या लेकरांची गोष्ट आणखी कठीण. त्यांना दिवसातून अनेकदा इन्शुलिन घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही आणि त्यात खंड पडला तर जीव जातो. मुलगी असेल तर आईबाप शाळेपासून लग्नापर्यंत ही गोष्ट लपवतात. लपवाछपवीचा भार मग सुईपेक्षा जड होतो. विदर्भात या मुलांसाठी नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये 'ड्रीम ट्रस्ट' सुरू केली. गरीब घरच्या मुलांना फुकट इन्शुलिन देणं हे तिचं काम. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी आहे. अशा ठिकाणी औषध मिळतंच, शिवाय आपल्यासारखंच पोट किंवा मांडी वर करून सुई टोचणारं दुसरं मूलही भेटतं, आणि 'हे फक्त मलाच' हा विचार सुटतो.

उतारा काय?

आता उपायांकडं. अभ्यासांचं पहिलं सांगणं असं की नुसती माहिती देऊन शीण जात नाही. माणसाला बहुतेक वेळा काय खाऊ नये ते ठाऊक असतं. ठाऊक असून जमत नाही, म्हणून तर तो थकतो. फिशर यांच्या चमूनं टाइप २ च्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या पद्धतींनी मदत केलेल्या तिन्ही गटांचा शीण कमी झाला. मदतीचा तपशील कोणताही असो, कुणीतरी नियमित विचारतं आहे एवढ्यानंही फरक पडला. टाइप १ च्या प्रौढांवर नंतर झालेल्या एका प्रयोगात भावनांविषयी थेट बोलणाऱ्या गटांना जास्त फायदा दिसला.

आपल्या देशातला पुरावाही भक्कम आहे. चेन्नई, बेंगळुरू, विशाखापट्टणम आणि दिल्ली इथल्या मधुमेह दवाखान्यांत नैराश्य असलेल्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला एक प्रशिक्षित समन्वयक, जो साखर, रक्तदाब आणि मन तिन्हींची विचारपूस करी आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून औषध बदलवून घेई. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यानं कमी होऊन शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांतलं किमान एक सुधारलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात ७१.६ टक्के होतं, पहिल्यात ५७.४. मन आणि साखर एकाच माणसानं, एकाच टेबलावर पाहिली की दोन्ही सुधारतात, असा याचा अर्थ.

आणि शहरातले तज्ज्ञ नसले तरी हे जमतं, याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला. 'विश्राम' या उपक्रमात तीस गावांत गावचेच लोक प्रशिक्षण घेऊन नैराश्यावर काम करू लागले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. मानसोपचारतज्ज्ञ गावात राहायला आले नव्हते. बोलणं गावात आलं होतं.

वाशिमच्या पदरात काय आहे

वाशिम हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आहे, म्हणजे मागासलेपणाचा शिक्का आहेच. पण या एका बाबतीत तो मागं नव्हता. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठी केंद्रानं २०१० मध्ये देशातल्या १०० जिल्ह्यांपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. पुण्या-मुंबईच्या आधी साखर मोजण्याची सरकारी यंत्रणा इथं आली.

मनाची यंत्रणाही आली, पण दुसऱ्या दारानं. शेतकरी आत्महत्यांमुळं २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये पश्चिम विदर्भातला हा जिल्हा होता. २०१५ मध्ये राज्यानं १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यातही वाशिम होता. आशा कार्यकर्तीनं घरोघरी मनाची विचारपूस करावी, गरज असेल त्याला समुपदेशकाकडं पाठवावं, अशी ती रचना.

आणि तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात, ज्यात तंबाखू, कंबरेचा घेर आणि घरात कुणाला शुगर आहे का हे विचारतात, त्याच्या सुधारित नमुन्यात शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. कामांत रस वाटत नाही का, आणि खिन्न, हताश वाटतं का. एकाच कागदावर साखर आणि मन आधीच शेजारी बसलेली आहेत.

अडचण अशी की ते दोन प्रश्न नैराश्याचे आहेत. सोंगणीत राबणारा, बाजारात हसणारा, पण गोळीला विटलेला माणूस त्यांना 'नाही' म्हणतो आणि जाळीतून सुटतो. फॉर्मही बहुधा आजार शोधण्यापुरता भरला जातो. आजार सापडून दहा वर्षं झालेल्याला नंतर कुणी काही विचारत नाही. शुगरचं टेबल एकीकडं, मनाचं टेबल दुसरीकडं, आणि दोन्हींच्या मध्ये रुग्ण.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष एकच. नवी योजना नको, नवं नाव नको, नवी इमारतही नको. फिशर यांचे दोन प्रश्न वऱ्हाडीत करून शुगरच्या कार्डावर छापावेत : शुगर सांभायता सांभायता जीव दडपते काय? आपल्याच्यानं हे होत नाही असं वाटते काय? निदान तीन महिन्यांतून एकदा, गोळ्या देताना, आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं ते विचारावेत आणि उत्तराचा आकडा साखरेच्या आकड्याशेजारी लिहावा. ज्याचा आकडा चढेल त्याला पाच मिनिटं जास्त द्यावीत. नैराश्याची शंका आली तर समुपदेशक आहेच. वाशिममध्ये ऑक्टोबर २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्यातल्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठीही हा विषय त्यांच्या वसतिगृहापासून दूर नाही. बचत गटांच्या बैठका तर दर आठवड्याला होतातच. कर्जाचा हप्ता विचारून झाल्यावर त्याच चटईवर शुगर असलेल्या चार बायांनी एकमेकींना 'तुह्यं कसं चाललं' विचारायला कुणाची मंजुरी लागत नाही.

तोवर घरी

यंत्रणा हलेपर्यंत थांबण्याचं कारण नाही. काही गोष्टी रुग्णाच्या हातातल्या आहेत.

सगळं एकदम सुधारायला जाऊ नये. या महिन्यात फक्त चहातली साखर, पुढच्या महिन्यात फक्त रात्रीचं जेवण लवकर. एक काम जमलं की दुसरं. साखर एकदम खाली न ओढणाऱ्या गोळीवर, म्हणजे नुसत्या मेटफॉर्मिनवर, तब्येत स्थिर असेल तर रोज बोट टोचण्याची बहुधा गरज नसते. डॉक्टरांना विचारून ते कमी करता येतं आणि पट्टीचे पैसेही वाचतात. थकवा फार आला तर मोजण्यातून, पथ्याच्या हिशेबातून चार दिवसांची विश्रांती ठरवून घ्यावी, पण इन्शुलिन आणि गोळीतून सुट्टी कधीही नाही. सोंगणीच्या दिवसांत जेवण लांबणार हे डॉक्टरांना आधीच सांगावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम आणि थरथर सुटली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटं बसावं, मग भाकर खावी. तपासणीला जाताना मनातलं एक वाक्य कार्डाच्या मागं लिहून न्यावं. डॉक्टरांसमोर ते आठवत नाही.

घरच्यांनी पोलीस होऊ नये. "हे खाल्लंस का" याऐवजी "तुझ्यासोबत मीही बिनसाखरेचा घेतो" हे वाक्य जास्त काम करतं. पाहुण्यांनी नाही म्हटलेल्या लाडवाचा दुसऱ्यांदा आग्रह करू नये. मधुमेही माणसाला आपल्या घरी मिळणारा तो सर्वांत स्वस्त मान आहे.

आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, गोळ्या किंवा इन्शुलिन जास्त घेण्याचा विचार मनात येऊ लागला, तर तो शीण राहिलेला नाही. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगावं, दवाखाना गाठावा किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

पुढच्या तारखेला गोळ्या आणायला जाल तेव्हा साखर किती निघाली ते तिथले लोक सांगतीलच. कटाळा किती आला आहे ते तुम्ही सांगा. विचारलं नाही तरी सांगा.